खिडकीखालचा कप्पा

६ फेब्रुवारी

चि. मुंगीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी सर्दी गेली का? तुझ्या खोलीतल्या त्या मोजणीवाल्या मुलीच्या दाढेची सूज उतरली का? कॅम्पच्या स्वयंपाक्याची कंबर आता काय म्हणते? आणि डोंगर पोखरणाऱ्या तुमच्या त्या यंत्राची तब्येत कशी आहे? त्याचेही दात झिजलेत असं तू लिहिलं होतंस. दाढवालीला आणि यंत्राला एकाच डॉक्टरकडे घेऊन जा, एका खेपेत काम उरकेल.

इकडे ताईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तुझी आई गुडघ्याचं ऐकणाऱ्यांतली नाही. खालच्या मजल्यावर मशीन चालू असतं, शिवणकाम चालू असतं. वर आमच्याकडे ती फारशी येत नाही, ते तुला माहीतच आहे. मामी ठणठणीत. आणि मी प्लॅस्टरमध्ये.

घाबरू नकोस, घोटाच आहे. वरच्या फळीवरची रेकॉर्ड काढायला स्टुलावर चढलो होतो. नोकरीत जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलो, दोरांना लोंबकळलो, कधी ओरखडा उठला नाही, आणि घरातल्या दीड वितीच्या स्टुलाने दगा दिला. मामी धावत आली, "अहो, पाय!" मी म्हणालो, "आधी रेकॉर्ड बघ." रेकॉर्ड शाबूत निघाली. तेव्हापासून मामी माझ्याशी एक शब्द बोलत नाही, असं झालं असतं तर बरं होतं. ती एकसारखी बोलते आहे.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेला माणूस येऊन गेला. लग्न करीन तर याच्याशी, पण मामाने हो म्हटलं तरच, असं तू लिहिलंस, म्हणून मी अंघोळ करून, दाढी करून, पाय उशीवर ठेवून परीक्षकासारखा बसलो होतो. तुझ्या या ग्रंथपालांनी दाराशी बूट काढले आणि असे ठेवले की पट्टी लावून बघावं. मामी तिथेच पाघळली. मी नाही पाघळलो.

मॅच चालू होती. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, टीव्हीचा आवाज बंद आणि प्लेअरवर जॅझ. कॉमेंट्रीवाले आपल्याला जे दिसतं तेच पुन्हा ओरडून सांगतात. त्यापेक्षा रेकॉर्ड लावावी, बावीसच्या बावीस माणसं आपोआप तालात पळायला लागतात. मी त्याला हे समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. वाटलं, ठीक आहे, कान आहेत. आणि तेवढ्यात समोरच्या टीमने आपल्याला गोल मारला, आणि मुंगे, या माणसाने टाळ्या वाजवल्या! आपल्या घरात बसून, आपला चहा पिऊन! मी विचारलं, "काय हो, तुम्ही त्यांच्याकडचे की काय?" तर म्हणतो, "नाही मामा, मी कुणाकडचाच नाही. पण गोल सुंदर होता."

गोल सुंदर होता! आपल्या जाळ्यात गेलेला गोल सुंदर कसा असेल? उद्या तुझं कुणाशी भांडण झालं आणि समोरच्याने मुद्दा बरा मांडला, तर हा काय टाळ्या वाजवणार? याचा मी विचार करतो आहे. निकाल राखून ठेवला आहे.

तुझं म्हणणं कळव, आणि बोगद्याच्या अंधारात बसून कळव, म्हणजे लाज वाटली तरी कुणाला दिसणार नाही.

तुझा
लंगडा मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामास, साष्टांग नमस्कार. (तू उशीवर पाय ठेवून बसला आहेस, म्हणून मुद्दाम तुझ्या पायालाच.)

सर्दी गेली. दाढ काढली. स्वयंपाक्याची कंबर फक्त भांडी उचलायची वेळ आली की दुखते. यंत्राला नवे दात आले, आता ते दिवसभर डोंगर खातं आणि आम्ही त्याच्या मागे मोजत चालतो. इथे फोन लागत नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलं. फोनवर तुला एवढं खोडसाळ बोलता आलं नसतं.

टाळ्यांचं म्हणशील, तर मला एक सांग. सॅक्सोफोनवाला रंगात येऊन वाजवून थांबतो, तेव्हा त्या रेकॉर्डवरचे लोक टाळ्या वाजवतात की नाही? आणि तू तिथे खुर्चीत बसून त्यांच्याबरोबर वाजवतोस. तो काय तुझा चुलतभाऊ लागतो? तेव्हा तुझा नियम तिकडे एक आणि मैदानावर एक, असं कसं चालेल? ऑफसाइड आहेस तू.

आता थोडं गंभीर. मेअखेर आमच्या टप्प्याचं काम संपतं. नंतर मी परत येईन आणि आम्ही नोंदणीचं लग्न करू, असं ठरवतो आहोत. पण बाबा गेल्यापासून माझ्या शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक ठिकाणी तू माझ्या बाजूने उभा राहिलास. तू हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. चेष्टा कर, छळ कर, वेळ घे. पण शेवटी खरं उत्तर दे. ते आडवंतिडवं नको.

तोवर मी एक व्यवस्था केली आहे. प्लॅस्टर घालून तू दर वीस मिनिटांनी रेकॉर्ड उलटायला उठू शकणार नाहीस, आणि मामी उलटणार नाही, कारण ती म्हणते एका बाजूचा गोंगाट पुरे. तर दर शनिवारी मॅचच्या वेळेला तो येईल आणि रेकॉर्ड उलटून देईल. त्याला कडेने धरायला मी शिकवलं आहे. त्याला जेवायला घाल आणि फार पिडू नकोस. आईला सांग, गुडघ्याला शेक घे.

उत्तराची वाट बघते. आमची टपाल गाडी आठवड्यातून एकदाच वर येते, ती चुकवू नकोस.

तुझी
मुंगी


३ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद. ते द्यायला हात उचलत नाही, तरी आशीर्वाद.

तुझ्या माणसाने माझं घर लुटलं. चोराने लुटलं असतं तर काही तरी मागे राहिलं असतं. याने सगळं जागेवर ठेवलं आणि माझं काही ठेवलं नाही.

झालं असं. शनिवारी मामी मला प्लॅस्टर दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे रांग. आम्ही यायच्या आत हा येणार, म्हणून मामीने (हो, तुझ्या मामीनेच) त्याला आदल्या आठवड्यात किल्ली देऊन ठेवली होती. आम्ही परत आलो. हा घामाघूम, बाह्या सरसावलेल्या, चेहऱ्यावर असा आनंद की जणू याला मुलगा झाला. म्हणतो, "मामा, तुम्हाला आता काही शोधावं लागणार नाही, स्टुलावर चढावं लागणार नाही."

मी फळ्यांकडे पाहिलं. मुंगे, त्याने माझ्या सगळ्या रेकॉर्डी आडनावांच्या अक्षरांप्रमाणे लावल्या होत्या! आणि प्रत्येकीच्या पाठीवर, लायब्ररीतल्या पुस्तकाला असते तशी, नंबराची पांढरी चिठ्ठी डकवली होती!

माझी मांडणी तू लहानपणापासून पाहिली आहेस, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. दाराजवळ भांडकुदळ रेकॉर्डी, ज्यांत ट्रंपेट आणि ड्रम एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्यांच्या खाली मॅच हरल्यानंतर ऐकायच्या. आपल्या क्लबच्या कृपेने तो कप्पा सगळ्यांत मोठा. मग मामी माहेरी गेल्यावर ऐकायच्या. त्यांच्याशेजारी मामी परत आल्यावर ऐकायच्या, त्या जरा हळू वाजणाऱ्या. कोण कुणाशेजारी सुखाने नांदतं हे बघून चाळीस वर्षं मी त्यांना बसवलं होतं. आता काय, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पियानोवाले गळ्यात गळा घालून उभे आहेत, का तर आडनावाचं पहिलं अक्षर एक!

मी खुर्चीत टेकलो. मामी म्हणाली, "किती छान दिसतंय हो." त्या माणसाने माझा चेहरा पाहिला मात्र, आणि त्याच्या कपाळावरचा घाम एकदम सुकला. हळूच म्हणाला, "मामा, विचारायला हवं होतं का?"

तूच सांग त्याला. मला त्याच्याशी बोलायचं नाही. शनिवारी आल्यावर तेही सांगणार आहे.

मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मी जेवणाच्या तंबूत वाचलं आणि इतकी हसले की स्वयंपाक्याने त्याची कंबर विसरून धावत येऊन काय झालं म्हणून विचारलं. चिठ्ठ्या! मला डोळ्यांसमोर दिसतो आहे तो, जीभ दाताखाली धरून चिकटवत असलेला. मामा, तो त्याच्या घरच्या मसाल्याच्या डब्यांनाही नंबर घालतो. तुझ्यावर त्याचा विशेष राग नाही.

पण हसून झाल्यावर एक विचार आला आणि हसू विरलं. बाकी सगळं सोड. खिडकीखालचा कप्पा? बाबांच्या रेकॉर्डींचा? त्याला तर त्याने हात लावला नाही ना?

एवढंच आज. या एकाच प्रश्नाचं उत्तर पाठव, बाकीचं नंतर.

मुंगी


२० मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, आनंद झाला. सर्दी परत झाली नाही ना? इकडे सगळे मजेत. मी आता काठी घेऊन बाल्कनीपर्यंत जातो.

क्लबचं विचारशील तर (तू विचारलं नाहीस, ते वाईटच) या वर्षी खालच्या गटातून वर जायची खरीच संधी आहे. पण हे लोक थ्रो-इन असा घेतात की जणू कचऱ्याची पिशवी फेकतायत. बॉल हातात असताना ज्याला घाई होते त्याला पायात मिळूनही काही करता येत नाही. उभा बेस वाजवणाऱ्याकडून शिकावं. सगळ्यांत कमी सूर वाजवतो, आणि तो थांबला की सगळ्यांची पंचाईत होते. आपल्या टीमला गोल मारणारे आहेत, बेस वाजवणारा कुणी नाही.

आणि हल्ली रेकॉर्ड जमवणारे पोरगे बघितलेस का? प्लॅस्टिक न फाडता भिंतीवर टांगतात. विचारलं की म्हणतात, जपून ठेवली आहे. अरे, मग लोणचं तरी घाल तिचं! खरखरली नाही ती रेकॉर्ड कुणाच्या घरात राहिलीच नाही, असं माझं मत आहे. कव्हर बघून घेऊ नये, लोक म्हणतात म्हणून घेऊ नये, आणि दुकानदार डोळे मिटून मान हलवायला लागला तर मुळीच घेऊ नये.

तुझे ग्रंथपाल येतात. चिठ्ठ्या त्यांनी मामीचं केस वाळवायचं यंत्र घेऊन, ऊब देऊन, एकेक सोडवल्या. कव्हरं सुखरूप आहेत. आता पुन्हा माझ्या पद्धतीने लावायचं चाललं आहे. प्रत्येक रेकॉर्ड हातात घेऊन विचारतो, "मामा, ही कुणाच्या शेजारी?" मग मला सांगावं लागतं की ही का तिच्याशेजारी, आणि ते सांगायला तीस वर्षं मागे जावं लागतं. काम सावकाश होतं. परवा आपण गोल खाल्ला. टाळ्यांसाठी त्याचे हात वर गेले, मी नुसतं बघितलं, तर त्याने तेच हात खिशात घातले. शिकतो आहे.

कप्प्याचं म्हणशील तर तिथे ऊन येत नाही, काळजी नसावी.

मामी आठवण काढते. लिहीत जा.

मामा


२९ मार्च

मामा,

तू थ्रो-इनवर अर्धं पान लिहिलंस आणि माझ्या बाबांच्या कप्प्यावर एक ओळ, आणि त्या ओळीत ऊन. तू खोटं बोलत नाहीस. तुला खरं सांगायचं नसलं की तू हवापाणी सांगतोस. बाबा गेले तेव्हाही असंच केलं होतंस.

म्हणून मी त्यालाच विचारलं. त्याने सरळ लिहिलं: हो, तो कप्पाही मी काढला, बाकीच्यांत मिसळला, तो वेगळा आहे हे मला माहीत नव्हतं, मी विचारलं नाही.

त्या कप्प्याला आई हात लावत नाही. मी लावत नाही. तू वर्षातून एकदा धूळ झटकतोस, तेही एकही रेकॉर्ड न सरकवता. बाबांनी ठेवल्या तशा त्या होत्या. आता त्या तशाच दिसणाऱ्या तुझ्या दोनशे रेकॉर्डींत गेल्या. तुम्ही दोघं चढाओढीने एकच रेकॉर्ड घ्यायचात. कुठली बाबांची, कुठली तुझी, हे आता कुणाला सांगता येणार?

मी त्याला लिहिलं आहे की शनिवारी तिकडे जाऊ नकोस. आणि लग्नाचं तूर्त थांबवू. जो माणूस न विचारता दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू हलवतो, त्याच्याबरोबर मी घर कसं करू? तू निकाल राखून ठेवला होतास. बरोबर केलंस. घे, तू जिंकलास.

मुंगी


६ एप्रिल

चि. मुंगीस मामाचे अनेक आशीर्वाद, आणि एक टपली.

गेल्या शनिवारी तो आला नाही. मॅच सुरू झाली. मी रेकॉर्ड लावली. बाजू संपली, सुई आत जाऊन गोल गोल खुर्रखुर्र करत राहिली, आणि मी, मामी आणि ताई, तिघंही दाराकडे बघत बसलो. प्लॅस्टर निघालं आहे, मी उठू शकत होतो. उठलो नाही. शेवटी मामी म्हणाली, "बंद करा ते, कढई घासल्यासारखं वाटतंय." सोमवारी तुझं पत्र आलं, तेव्हा कारण कळलं.

होय, मी हवापाणी लिहिलं. तू दूर आहेस, एकटी आहेस, म्हटलं आलीस की समोर बसवून सांगू. आता सगळं नीट सांगतो, आणि तू खुर्चीवर बसून वाच.

वर लिहिलेली नावं पुन्हा वाच: मी, मामी आणि ताई. तुझी आई वर आली होती.

ते असं घडलं. माझं आणि भाऊजींचं वागणं तू बरोबर लिहिलंस. दोघंही हट्टी, एकमेकाला उसनी देणार नाही, म्हणून प्रत्येक चांगली रेकॉर्ड या घरात दोनदा. आडनावाप्रमाणे लावल्यावर त्या जुळ्यांसारख्या शेजारी शेजारी आल्या. कुठली कुणाची, मलाही सांगता येईना. मी त्याला म्हणालो, "ग्रंथपाल, माझा मेहुणा हरवलात तुम्ही." एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा खाली बघत उभा राहिला. मला माझ्याच शब्दांची शरम वाटली. मग त्याने विचारलं, "मामा, ते ऐकायचे कसे?"

ऐकायचे कसे, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं: भाऊजी नेहमी दुसरी बाजू आधी लावायचे. त्यांचं म्हणणं, पहिल्या बाजूला वाजवणारे गिऱ्हाइकासाठी वाजवतात, दुसऱ्या बाजूला आपसांत वाजवतात. आणि दुसरी बाजू संपेपर्यंत ते पेंगायचे, त्यामुळे पहिली बहुतेक वेळा राहूनच जायची.

त्याने एक रेकॉर्ड काढली, खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. मधल्या भोकाभोवतीचा कागद दुसऱ्या बाजूला ओरखड्यांनी भरलेला, पहिल्या बाजूला जवळजवळ कोरा. "मामा, ही त्यांची." मी म्हटलं, लावून बघू. लावली. दुसरी बाजू भाजी फोडणीला टाकल्यासारखी चरचरली. तुझे बाबाच!

मग काय, दर शनिवारी मॅच एकीकडे आणि आमची ओळख परेड एकीकडे. जुळ्यांतली एकेक वाजवायची, दुसऱ्या बाजूने. दुसऱ्याच शनिवारी दारात ताई उभी. हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला शर्ट. म्हणाली, "खाली ऐकू येतंय." मी घाबरलो, म्हटलं आवाज कमी करतो. ती म्हणाली, "कमी कशाला? मधे एक खरखर असायची, ती येते का बघायची आहे." बसली. ती खरखर आली. ताई सुईत दोरा ओवत होती. तो काही तिला ओवता येईना. ग्रंथपालांनी तिच्या हातातून सुई घेतली, ओवली आणि परत दिली. तेव्हापासून ती दर शनिवारी येते. गुडघ्याला बारा पायऱ्या चढायला लावते आणि वर आल्यावर आमच्या गोलकीपरला शिव्या देते. एवढ्या शिव्या तिला येतात हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं.

आता तू सांग, मुंगे. तो कप्पा जागच्या जागी होता, तेव्हा आपण काय करत होतो? मी धूळ झटकत होतो. ताई वर येत नव्हती. तू सुट्टीत आलीस की त्या खिडकीकडे पाठ करून बसायचीस, मी बघितलं आहे. भाऊजींच्या रेकॉर्डी होत्या, त्यांना ऐकणारा एकही माणूस नव्हता. त्या पोराने चूक केली. विचारायला हवं होतं. पण ती झाली म्हणून या घरात तुझे बाबा पुन्हा चरचरले.

आणि आणखी एक ऐक, म्हणजे तुझा राग माझ्याकडे वळव. ते लावायचं काम मार्चच्या मधेच पुरं झालं होतं. भाऊजींचा कप्पा भरला, माझेही भरले. पुढच्या शनिवारी करायला काही उरलंच नव्हतं. म्हणून शुक्रवारी मी काठी टेकत गेलो आणि एक फळी उलटसुलट करून ठेवली. मामी म्हणाली, "अहो, लहान आहात का?" मी म्हणालो, "तू किल्ली दिली होतीस, तू बोलू नकोस." त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुसरी फळी. त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं होतं. पण शेवटच्या खेपेला तो म्हणाला, "मामा, या रेकॉर्डी आठवडाभर फिरायला जातात वाटतं," आणि बाह्या सरसावून पहिल्यापासून लावायला बसला. हसलासुद्धा नाही, लबाड.

मी जिंकलो, असं तू लिहिलंस. कसला जिंकलो? घरात तीन म्हातारी माणसं आणि एक फिरणारी सुई.

तुला सरळ उत्तर हवं होतं, आडवंतिडवं नको होतं. हो. माझं हो. मामीचं पहिल्या दिवशीच्या बुटांपासून हो. ताईला काल विचारलं, तर ती म्हणाली, "त्याला सांग, त्या शर्टाची बाही त्याच्याच मापाची आहे, घालून बघायला यावं लागेल." याला आमच्या घरात हो म्हणतात.

तुझी टपाल गाडी बुधवारी खाली येते ना? मग मला लिहीत बसू नकोस. माझं पत्र राहू दे, मी थांबीन, मला शेजार आहे, मॅच आहे, मामी आहे. तू आधी त्याला लिही. आजच लिही, बुधवार चुकवू नकोस. शनिवारपर्यंत त्याला मिळायला हवं.

तुझा
मामा